हान्स सेल्ये

हान्स ह्यूगो ब्रूनो सेल्ये (जन्म : व्हिएन्ना, २६ जानेवारी १९०७, मृत्यू : माँट्रियल, १६ ऑक्टोबर १९८२) हे हंगेरियन-कॅनेडियन वैद्यक संशोधक व अंतःस्रावी ग्रंथींचे अभ्यासक होते. शरीरावर येणाऱ्या ताणाला वैद्यकशास्त्राच्या चर्चेत स्थान मिळवून देण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांना दिले जाते. आघात कोणत्याही प्रकारचा असला तरी शरीर त्याला ठरावीक रीतीने तोंड देते आणि हा प्रतिसाद फार काळ चालू राहिल्यास तोच आजाराचे कारण बनू शकतो, असा सिद्धांत त्यांनी १९३६ पासून मांडला. माणसाला स्वतःला किती ताण जाणवतो, या प्रश्नाला त्यांच्या मूळ सिद्धांतात फारसे स्थान नव्हते. पुढील संशोधनात मात्र हाच प्रश्न केंद्रस्थानी आला.

हंगेरियन पद्धतीने त्यांचे नाव शेये यानोश असे उच्चारले जाते. कॅनडात व इंग्रजी जगतात ते हान्स सेल्ये या नावाने ओळखले गेले.

बालपण आणि शिक्षण

सेल्ये यांचे वडील ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यात शल्यचिकित्सक होते आणि आई ऑस्ट्रियन होती. त्यांचे बालपण डॅन्यूब नदीकाठच्या कोमारोम या गावी गेले व शालेय शिक्षण तेथील बेनेडिक्टाइन संन्याशांच्या विद्यालयात झाले. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रिया-हंगेरीचे साम्राज्य मोडले आणि १९२० च्या तहाने या गावाचेच दोन भाग झाले. नदीच्या दक्षिणेचा भाग हंगेरीत राहिला, तर उत्तरेचा भाग चेकोस्लोव्हाकियात गेला. हा उत्तरेकडील भाग आज स्लोव्हाकियातील कोमार्नो म्हणून ओळखला जातो. घरातील हंगेरियन व जर्मन या भाषांबरोबरच सेल्ये यांनी लहानपणापासून इतर युरोपीय भाषा आत्मसात केल्या. पुढे अनेक देशांत त्या त्या भाषेत व्याख्याने देताना त्यांना या बहुभाषिकतेचा मोठा उपयोग झाला.

१९२४ मध्ये त्यांनी प्रागच्या जर्मन विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणास प्रारंभ केला. मधला काही काळ ते पॅरिस व रोम येथेही शिकले. १९२९ मध्ये त्यांनी वैद्यकाची पदवी आणि १९३१ मध्ये रसायनशास्त्रातील डॉक्टरेट मिळवली.

विद्यार्थिदशेतील एका निरीक्षणाचा उल्लेख त्यांनी पुढे वारंवार केला आहे. संसर्गजन्य रोगांच्या पहिल्याच पाठात प्राध्यापकांनी निरनिराळ्या रोगांचे काही रुग्ण विद्यार्थ्यांपुढे आणले. ज्यावरून नेमका रोग ओळखता येईल अशी विशिष्ट लक्षणे शोधण्याचा तो पाठ होता. जिभेवरचा थर, अंगदुखी, ताप, मंदावलेली भूक, घटलेले वजन आणि उतरलेला चेहरा या सर्व रुग्णांत समान असलेल्या खुणांकडे कोणी लक्ष देत नव्हते, कारण निदानाच्या दृष्टीने त्या निरुपयोगी होत्या. सेल्ये यांना मात्र प्रश्न पडला की, रोग कोणताही असो, माणूस आजारी दिसतो तो कशामुळे? केवळ आजारी असणे हीच अभ्यासण्याजोगी अवस्था नाही का? त्या वेळी हा विचार तेथेच राहिला. जवळजवळ दहा वर्षांनंतर उंदरांवरील एका फसलेल्या प्रयोगातून तो पुन्हा वर आला.

माँट्रियलमधील प्रयोग

१९३१ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्ती मिळवून सेल्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले. पुढील वर्षी ते कॅनडात माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात दाखल झाले. तेथील जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुख जेम्स कॉलिप हे होते. टोरांटो येथे इन्सुलिनचे शुद्धीकरण करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. तो काळ संप्रेरकांच्या शोधांचा होता आणि सेल्ये यांच्याकडेही अंडाशयातील एखादे नवे संप्रेरक शोधण्याचे काम होते.

गुरांच्या अंडाशयापासून काढलेला अर्क त्यांनी मादी उंदरांना टोचला. त्या उंदरांत तीन बदल एकत्र दिसून आले. अधिवृक्क ग्रंथींचे बाह्यक वाढले होते, यौवनलोपी ग्रंथी व लसीका ग्रंथी आकसल्या होत्या आणि जठर व लहान आतड्याचा आरंभीचा भाग यांत व्रण पडले होते. ज्ञात संप्रेरकांपैकी कोणत्याही एकाचा असा परिणाम होत नसल्यामुळे नवे संप्रेरक हाती लागल्याचा आनंद त्यांना झाला. परंतु वार, मूत्रपिंड, प्लीहा अशा कोणत्याही अवयवाचा अर्क टोचला तरी तेच तीन बदल दिसू लागले, आणि अर्क जितका अशुद्ध तितका परिणाम अधिक तीव्र होई. अखेर त्यांनी ऊतके टिकवण्यासाठी वापरले जाणारे फॉर्मॅलिन टोचून पाहिले. त्यात संप्रेरकाचा अंशही नव्हता, तरीही तेच बदल घडून आले. नव्या संप्रेरकाची आशा तेथेच संपली.

या निराशेच्या काळात प्रागमधील त्या रुग्णांची त्यांना आठवण झाली. अर्कातील एखादा पदार्थ नव्हे, तर त्यामुळे शरीराला होणारी इजा हे या बदलांचे कारण असावे, असे त्यांना वाटू लागले. ते पडताळण्यासाठी त्यांनी उंदरांना थंडीत ठेवले, शस्त्रक्रियेने जखमी केले, थकेपर्यंत पळवले आणि निरनिराळ्या औषधांच्या विषारी मात्रा दिल्या. प्रत्येक वेळी तेच त्रिकूट समोर आले. अशा निरर्थक विषयात आयुष्य घालवू नये, असा सल्ला त्यांना वडीलधाऱ्या संशोधकांकडून मिळाला. इन्सुलिनच्या शोधाबद्दल नोबेल पारितोषिक मिळालेले फ्रेडरिक बँटिंग यांनी मात्र त्यांना उत्तेजन दिले व थोडेफार आर्थिक साहाय्यही मिळवून दिले.

१९३६ चे टिपण

४ जुलै १९३६ च्या 'नेचर' या नियतकालिकात सेल्ये यांचे ७४ ओळींचे टिपण प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी शरीराच्या प्रतिसादाच्या तीन अवस्था सांगितल्या. इजा झाल्यानंतर साधारणतः ६ ते ४८ तासांत दिसणारी पहिली अवस्था ही शरीराने दिलेली धोक्याची सूचना होय. इजा चालू राहिली, पण ती सोसण्याजोगी असली, तर ४८ तासांनंतर शरीर तिच्याशी जुळवून घेऊ लागते. ही प्रतिकाराची अवस्था होय. याच क्रमाने एक ते तीन महिने लोटले की प्राणी पुन्हा खचतात व दगावतात. ही क्षीणतेची अवस्था होय. या संपूर्ण क्रमाला त्यांनी सर्वसाधारण अनुकूलन लक्षणसमूह असे नाव दिले.

ही कल्पना पूर्णतः एकाकी नव्हती. शरीरातील अंतर्गत पर्यावरण स्थिर राखले जाते, असे क्लोद बेर्नार यांनी एकोणिसाव्या शतकात मांडले होते. हार्वर्डचे वॉल्टर कॅनन यांनी त्या विचाराला समस्थिती हे नाव दिले आणि भय व क्रोध यांच्या वेळी अॅड्रेनॅलिन शरीराला लढण्यास वा पळण्यास कसे सिद्ध करते, हे दाखवले. कॅनन यांचे लक्ष क्षणार्धात घडणाऱ्या चेतासंस्थेच्या प्रतिसादाकडे होते. सेल्ये यांनी दिवस व आठवडे चालणाऱ्या प्रतिसादाकडे आणि त्यातील अधिवृक्क बाह्यकाच्या भूमिकेकडे लक्ष वेधले. हा प्रतिसाद मेंदूतील हायपोथॅलॅमसपासून पियुषिका ग्रंथीकडे आणि तेथून अधिवृक्क ग्रंथीकडे जातो, हे नंतरच्या संशोधनाने स्पष्ट केले. माणसात त्याचे प्रमुख संप्रेरक कॉर्टिसॉल हे आहे. ते रक्तातील साखर वाढवते, दाह कमी करते आणि रोगप्रतिकारक पेशींचे कार्य मंद करते. थोड्या काळासाठी हे उपकारक असते. दीर्घकाळ चालल्यास मात्र ते अपायकारक ठरू शकते.

ताण हा शब्द

१९३६ च्या टिपणात ताण हा शब्द नव्हता. तो सेल्ये यांनी पुढील दशकात रूढ केला. इंग्रजीतील 'स्ट्रेस' हा शब्द पदार्थविज्ञानात वस्तूवर येणाऱ्या बलासंबंधी, तर 'स्ट्रेन' हा त्यामुळे वस्तूत घडणाऱ्या बदलासंबंधी वापरला जातो. मराठी परिभाषेत त्यांना अनुक्रमे प्रतिबल व विकृती असे म्हणतात. सेल्ये यांना अभिप्रेत होता तो शरीरात घडणारा बदल. त्या अर्थाने त्यांनी निवडलेला शब्द चुकीचा होता आणि इंग्रजीवर तेव्हा पुरेसे प्रभुत्व नसल्यामुळे ही निवड झाली, हे त्यांनी नंतर मान्य केले. बाहेरून येणाऱ्या कारणासाठी त्यांना मग ताणकारक हा निराळा शब्द घडवावा लागला. फ्रेंच भाषेतही योग्य प्रतिशब्द न सापडल्यामुळे त्यांनी इंग्रजी शब्दच पुल्लिंगी करून वापरला व तो त्या भाषेत रुळला.

ही शब्दाची अडचण केवळ भाषेपुरती राहिली नाही. कामाचा ताण आहे असे आपण म्हणतो तेव्हा कारण सांगतो, आणि मनावर ताण आला असे म्हणतो तेव्हा परिणाम सांगतो. मराठीतही एकच शब्द दोन्हीकडे चालतो. ताणामुळे आजार होतो, या विधानात ताण म्हणजे प्रसंग, शरीराचा प्रतिसाद की माणसाची जाणीव, हे ठरवल्याशिवाय ते विधान तपासता येत नाही. सेल्ये यांच्या हयातीत व त्यानंतर झालेल्या बहुतेक वादांचे मूळ येथे आहे.

अनुकूलनाचे आजार

१९४५ मध्ये सेल्ये माँट्रियल विद्यापीठात गेले आणि तेथील प्रायोगिक वैद्यक व शल्यशास्त्र संस्थेचे संचालक झाले. तीन दशके ते या पदावर होते. १९४६ मध्ये त्यांनी अनुकूलनाच्या आजारांची संकल्पना विस्ताराने मांडली. उच्च रक्तदाब, संधिवात, मूत्रपिंडाचे काही विकार व जठरातील व्रण हे केवळ बाहेरील कारणाने होत नसून शरीराच्या अतिरिक्त वा चुकीच्या प्रतिसादातूनही उद्भवतात, असे त्यांचे म्हणणे होते. १९५० मध्ये त्यांचा 'स्ट्रेस' हा हजाराहून अधिक पृष्ठांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

या काळातील त्यांची काही कामे ताणाच्या सिद्धांतापेक्षा निराळी, पण टिकाऊ ठरली. प्रोजेस्टेरॉनसारख्या स्टेरॉइडांत गुंगी आणण्याचा गुण असतो, हे त्यांनी १९४१ मध्ये दाखवले. त्यातून पुढे भूल देण्याच्या स्टेरॉइड औषधांचा मार्ग खुला झाला. अधिवृक्क बाह्यकातील संप्रेरकांसाठी ग्लुकोकॉर्टिकॉइड व मिनरलोकॉर्टिकॉइड ही आजही वापरात असलेली नावे त्यांनीच दिली. त्यांच्या हाताखाली संशोधन करून १९५३ मध्ये डॉक्टरेट मिळवणारे रॉजर गियमँ यांना हायपोथॅलॅमसमधील संप्रेरकांवरील कार्यासाठी १९७७ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

स्वतः सेल्ये यांना मात्र तो सन्मान लाभला नाही. १९४९ पासून त्यांच्या नावाची एकूण १७ वेळा शिफारस झाली होती. १९५० मध्ये अधिवृक्क बाह्यकाच्या संप्रेरकांवरील संशोधनाचे पारितोषिक एडवर्ड केंडल, टाडेउश राइखश्टाइन व फिलिप हेंच यांना देण्यात आले. संधिवातासारख्या आजारांचे सेल्ये यांनी दिलेले स्पष्टीकरण पुढे मान्य झाले नाही.

लोकप्रिय लेखन

१९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द स्ट्रेस ऑफ लाइफ' या पुस्तकाने सेल्ये सामान्य वाचकांपर्यंत पोहोचले. त्याच वर्षी हंगेरीतील उठावात गोळीबारात त्यांच्या आईचा मृत्यू झाला. संशोधकाच्या जीवनाविषयीचे 'फ्रॉम ड्रीम टू डिस्कव्हरी' (१९६४), 'स्ट्रेस विदाउट डिस्ट्रेस' (१९७४) आणि 'द स्ट्रेस ऑफ माय लाइफ' (१९७७) हे आत्मचरित्र ही त्यांची इतर प्रसिद्ध पुस्तके होत. त्यांच्या नावावर सुमारे १,७०० शोधनिबंध व ३९ पुस्तके आहेत.

उत्तरायुष्यात त्यांनी हितकर ताण व क्लेशकारक ताण असा भेद केला. ताण पूर्णपणे टाळणे शक्य नाही व इष्टही नाही, तो संपणे म्हणजे जीवन संपणे, असे त्यांचे प्रतिपादन होते. प्रत्येकाने आपल्या प्रकृतीला मानवेल तेवढाच वेग ठेवावा आणि इतरांच्या उपयोगी पडून त्यांचा सद्भाव मिळवावा, या आचारसूत्राला त्यांनी परार्थी स्वार्थ असे नाव दिले. एकच घटना एकाला हितकर आणि दुसऱ्याला क्लेशकारक ठरू शकते, हे मान्य करताना त्यांनी माणसाच्या जाणिवेला आपल्या सिद्धांतात काही प्रमाणात वाव दिला. तथापि प्रयोगशाळेतील व्याख्येशी त्याचा मेळ त्यांनी पूर्णपणे घातला नाही.

तंबाखू उद्योगाशी संबंध

सेल्ये यांच्या चरित्रातील सर्वांत वादग्रस्त भाग त्यांच्या मृत्यूनंतर उजेडात आला. अमेरिकेतील खटल्यांमुळे तंबाखू कंपन्यांची अंतर्गत कागदपत्रे खुली झाली. त्यांच्या आधारे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून सेल्ये व हा उद्योग यांचे दीर्घकालीन संबंध स्पष्ट झाले. सेल्ये यांनी १९५८ मध्ये प्रथम या उद्योगाकडे साहाय्य मागितले, ते तेव्हा मिळाले नाही. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात मात्र त्यांना भरीव अनुदान मिळू लागले आणि त्यांनी उद्योगाला सल्लाही दिला.

१९६९ मध्ये कॅनडाच्या संसदेच्या आरोग्यविषयक समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. धूम्रपानामुळे ताण हलका होतो आणि ते सोडण्याचेही दुष्परिणाम असू शकतात, हा त्यांच्या मांडणीचा रोख होता. उद्योगाशी असलेला आपला आर्थिक संबंध त्यांनी तेथे उघड केला नाही. सिगारेट व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध तोवर सुस्थापित झाला होता. हृदयविकार व कर्करोग यांचे खापर ताणावर फोडता आले, तर सिगारेटवरील दोष सौम्य होतो, हे उद्योगाच्या दृष्टीने मोलाचे होते. ताणाची व्याख्या जितकी सैल, तितका तिचा असा उपयोग सोपा होता.

आक्षेप

शास्त्रीय आक्षेप सेल्ये यांच्या हयातीतच घेतले गेले. अमेरिकेतील जॉन मेसन यांनी माकडांवर प्रयोग करून दाखवले की, नुसती उपासमार ही अधिवृक्क संप्रेरके वाढवतेच असे नाही. शेजारच्या माकडांना खाऊ मिळताना पाहत उपाशी राहावे लागले, तर ती वाढतात. पोषण नसलेल्या, पण चवदार गोळ्या देऊन वंचनेची भावना टाळली, तर तसे होत नाही. शरीराचा प्रतिसाद कोणत्याही इजेला सारखा असतो, या सिद्धांताच्या मुळावरच हा आघात होता. सेल्ये यांच्या सर्व प्रयोगांत समान असलेला घटक उंदरांची भीती व अस्वस्थता हाही असू शकेल, असे मेसन यांनी सुचवले.

मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लॅझारस यांनी हीच बाब माणसांत दाखवली. त्यांनी प्रेक्षकांना एकच क्लेशदायक चित्रफीत निरनिराळ्या निवेदनांसह दाखवली. दृश्ये तीच असूनही, निवेदन तटस्थ वा दिलासा देणारे असेल तेव्हा प्रेक्षकांच्या शरीरातील उत्तेजनाच्या खुणा कमी आढळल्या. समोरची गोष्ट आपल्याला धोकादायक आहे का आणि तिला तोंड देण्याचे बळ आपल्यापाशी आहे का, या दोन प्रश्नांची माणूस मनोमन जी उत्तरे देतो, त्यांवर ताण अवलंबून असतो, असा लॅझारस यांचा सिद्धांत आहे.

तिसरा आक्षेप जठरातील व्रणांविषयीचा आहे. सेल्ये यांचे ज्या वर्षी निधन झाले, त्याच १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांना रुग्णांच्या जठरातील हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू प्रयोगशाळेत वाढवता आला. जठर व आद्यांत्र यांतील बहुतेक व्रणांचे मूळ हा जीवाणू वा वेदनाशामक औषधे यांत असते, हे पुढे सिद्ध झाले. या शोधाबद्दल दोघांना २००५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. गंभीर भाजणे वा मोठी शस्त्रक्रिया यांनंतर जठरात व्रण पडतात, हे सेल्ये यांचे निरीक्षण खरेच आहे. पण काळजी करणाऱ्याला अल्सर होतो, हा त्यातून काढला गेलेला सरसकट निष्कर्ष टिकला नाही.

जाणवणाऱ्या ताणाचे मोजमाप

सेल्ये यांच्या निधनानंतर एका वर्षाने, १९८३ मध्ये, शेल्डन कोहेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी जाणवणारा ताण मोजण्यासाठी १४ प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. नंतर तिची १० प्रश्नांची आवृत्ती अधिक रूढ झाली. आयुष्यात काय घडले, हे ती विचारत नाही. गेल्या महिन्याभरात गोष्टी हाताबाहेर चालल्या आहेत असे किती वेळा वाटले, अडचणींचा डोंगर पेलवणार नाही असे किती वेळा वाटले, असे प्रश्न ती विचारते. अमेरिकेत १९८३, २००६ व २००९ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहण्यांत पुरुषांपेक्षा स्त्रियांना, वयस्कांपेक्षा तरुणांना आणि अधिक उत्पन्न व शिक्षण असणाऱ्यांपेक्षा कमी उत्पन्न व शिक्षण असणाऱ्यांना अधिक ताण जाणवत असल्याचे आढळले. म्हणजे जाणवणारा ताण व्यक्तीच्या मनात असला, तरी त्याची वाटणी सामाजिक परिस्थितीनुसार होते.

या जाणिवेचा शरीराशी संबंध दाखवणारा एक महत्त्वाचा प्रयोग इंग्लंडमध्ये झाला व १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. ३९४ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीच्या पाच विषाणूंपैकी एकाचे थेंब घालण्यात आले. त्याआधी प्रत्येकाच्या ताणाची नोंद करण्यात आली होती. कमी ताण असलेल्यांपैकी सुमारे २७ टक्के, तर सर्वाधिक ताण असलेल्यांपैकी सुमारे ४७ टक्के लोकांना सर्दी झाली. विषाणू सर्वांच्या नाकात घातला होता, तरी आजारी मात्र सर्वजण पडले नाहीत.

निरनिराळ्या लोकसमूहांची तुलना करणारा मोठा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. इंटरहार्ट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या अभ्यासाचे केंद्र कॅनडातील हॅमिल्टन येथे होते आणि नेतृत्व केरळात जन्मलेले हृदयरोगतज्ज्ञ सलीम युसूफ यांच्याकडे होते. भारतासह ५२ देशांतील पहिल्यांदाच हृदयविकाराचा झटका आलेल्या ११,११९ रुग्णांची तुलना १३,६४८ इतर व्यक्तींशी करण्यात आली. घर व काम यांतला ताण सतत जाणवतो असे सांगणाऱ्यांत झटक्याची शक्यता ताण नसलेल्यांच्या सुमारे २.१७ पट आढळली. हा संबंध स्त्री-पुरुषांत आणि जगाच्या निरनिराळ्या भागांत साधारणतः सारखा होता.

अशा अभ्यासाची एक मर्यादा आहे. झटका येऊन गेलेला माणूस मागे वळून पाहताना कारण शोधतो आणि त्याला पूर्वीचा ताण अधिक वाटू शकतो. त्यामुळे आधी ताण नोंदवून पुढे अनेक वर्षे प्रकृती पाहणारे अभ्यास अधिक विश्वसनीय मानले जातात. युरोपातील १३ अभ्यासगटांतील १,९७,४७३ व्यक्तींच्या २०१२ मधील विश्लेषणात, कामाचा भार अधिक व त्यावर स्वतःचे नियंत्रण कमी असलेल्यांत हृदयविकाराचा धोका सुमारे २३ टक्के अधिक आढळला. हा धोका खरा आहे, पण सिगारेटपासून होणाऱ्या धोक्याहून पुष्कळच लहान आहे.

त्याच वर्षी अमेरिकेतील सुमारे २९,००० प्रौढांविषयीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १९९८ मध्ये ज्यांनी आपल्याला पुष्कळ ताण आहे असे सांगितले आणि तो आपल्या प्रकृतीला फार बाधतो असेही सांगितले, त्यांच्यात पुढील काही वर्षांत अकाली मृत्यूचा धोका ४३ टक्के अधिक आढळला. यावरून ताणाची भीतीच मारक असते, असा निष्कर्ष काही लोकप्रिय लेखनात काढला जातो. तो या अभ्यासाने सिद्ध होत नाही. आधीच प्रकृती ढासळलेल्या माणसाला ताण अधिक बाधतो असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि कारण व परिणाम यांतील असा गुंता केवळ पाहणीतून पूर्णपणे सुटत नाही.

अखेर, सन्मान व मूल्यमापन

१९६८ मध्ये कॅनडा सरकारने सेल्ये यांना ऑर्डर ऑफ कॅनडा या सन्मानाची सर्वोच्च श्रेणी दिली. विद्यापीठातून निवृत्त झाल्यावरही त्यांनी ताणाच्या अभ्यासाला वाहिलेल्या संस्थेमार्फत काम चालू ठेवले. १६ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७५ व्या वर्षी, माँट्रियल येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या बालपणीच्या कोमार्नो या गावी २००४ मध्ये स्थापन झालेल्या हंगेरियन भाषिक विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

सेल्ये यांच्या सिद्धांताचा मूळ आराखडा आज जसाच्या तसा स्वीकारला जात नाही. प्रत्येक इजेला शरीर एकच उत्तर देते, हे मत मागे पडले. क्षीणतेच्या अवस्थेत संप्रेरके संपुष्टात येतात, असेही आता मानले जात नाही. उलट, ती दीर्घकाळ अधिक राहिल्याने झीज होते, असे ब्रूस मॅक्यूअन यांच्यासारख्या संशोधकांनी १९९० च्या दशकात मांडले. तरीही रुग्णाकडे पाहताना रोगाच्या विशिष्ट कारणाबरोबर शरीराच्या प्रतिसादाचाही विचार करावा, ही दृष्टी वैद्यकात रुजवण्याचे काम त्यांनी केले.

त्यांच्या सिद्धांताने ज्या जाणिवेला बाजूला ठेवले होते, तिनेच पुढील संशोधनाला दिशा दिली. ताण हे आजारामागील अनेक कारणांपैकी एक आहे आणि त्याचे वजन मोजूनच ठरवावे लागते, हे त्या संशोधनाने दाखवले. जीवाणू, तंबाखू वा दारिद्र्य यांच्या जागी ताणाचे नाव घातले, तर खरे कारण नजरेआड होते. सेल्ये यांच्या कार्याचा आणि त्यांच्या साक्षीचा इतिहास एकत्र वाचला असता हे विशेषत्वाने लक्षात येते.